नवव्या पानावरचं लोखंडी दार

मला बढाई मारायला आवडते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात ती कुणालाच आवडत नसे. आई म्हणायची, "तू चांगली असशील तर लोक सांगतील. तू कशाला सांगतेस?" तरी घरात मी सांगायचेच. घराबाहेर मात्र माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. कुणी शाबासकी दिली की "छे, कुठे काय" म्हणून अंग चोरायचं आणि घरी आल्यावर आरशासमोर तीच शाबासकी स्वतःला दोनदा द्यायची, असा माझा कारभार होता. बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात ही सवय मोडली. कशी मोडली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. बाबांची बँकेत बदली होऊन आम्हाला लखनौला येऊन चार वर्षं झाली होती. महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथला बाजाराच्या मागे, आम्ही भाड्याने राहत होतो. तिथेच मला एका खेळाचं वेड लागलं. कागद, पेन्सिल आणि फासे एवढंच सामान. एकाने खेळ चालवायचा, म्हणजे सांगायचं, "तुम्ही एका जळक्या पुलापाशी उभे आहात, पलीकडे कुणीतरी शीळ घालतंय. काय करता?" बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचं. मी लपतो, मी उलट शीळ घालते, मी पळतो. जमलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. तलवारी, जादू, राक्षस सगळं असायचं, पण सगळं बोलण्यात.

आम्ही चौघं होतो. गटाचा कर्ता अलीगंजमध्ये राहायचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि त्याला आम्ही सगळे भैया म्हणायचो. उरलेले दोघे माझ्याच वयाचे, एक चष्मेवाला आणि एक क्रिकेटवाला. चौघांत मुलगी मी एकटी. मला कुणी कधी कमी लेखलं नाही, हे खरं. पण खेळ चालवायची पाळी माझ्यावर क्वचित यायची, आणि मीही ती कधी मागितली नाही.

खेळातली कथा स्वतः रचता येते, नाहीतर छापील मिळते. छापील कथेच्या पुस्तिकेला मॉड्यूल म्हणतात. नकाशा, खोल्या, कोणत्या खोलीत कोण दबा धरून बसलंय, कुणाला काय ठाऊक आहे, हे सगळं त्यात असतं आणि ते फक्त खेळ चालवणाऱ्यानेच वाचायचं असतं. भैयाच्या मामाने परदेशातून असं एक मॉड्यूल पाठवलं. बत्तीस पानं, मधोमध दोन पिना, वर रंगीत किल्ला. छापील मॉड्यूल आम्ही त्याआधी हातात धरलं नव्हतं.

भैयाला त्यातून मोठं काम करून घ्यायचं होतं. ऑगस्टमध्ये तो नोकरीसाठी बंगळूरला जाणार होता, चष्मेवाला कॉलेजसाठी कानपूरला. मी आणि क्रिकेटवाला, दोघंच उरणार. दोघांत हा खेळ होत नाही. म्हणून त्याने बेत आखला की जूनमधल्या एका रविवारी ओळखीच्या कोचिंग क्लासची खोली घ्यायची, बारा नवी पोरं बोलवायची आणि तीन टेबलांवर तीच एक कथा चालवायची. एका टेबलावर तो, एकावर चष्मेवाला, एकावर मी. "पहली बार में मज़ा नहीं आया तो दोबारा कोई नहीं आएगा," तो म्हणाला. मग ती पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. माझी परीक्षा संपली होती आणि इंग्रजी बरं होतं. "पहले तुम हम लोगों पर चलाकर देखो। फिर लिखकर दो कि चलेगा या नहीं। तुम्हारी बात फ़ाइनल।"

घरी जाताना रिक्षात मी तो 'फ़ाइनल' शब्द किती वेळा मनात म्हटला असेल, सांगता येत नाही. भीतीही वाटत होती. मी लखनौतच शिकणार होते. गट मोडला असता तर जाणारे दोघे दुसऱ्या गावात दुसरा गट शोधू शकले असते, माझा खेळ मात्र तिथेच संपला असता.

भैयाच्या बैठकीत, कूलरच्या घरघरीत, दोन दुपारी मिळून मी ते मॉड्यूल पुरं चालवलं. कथा अशी की एका गावाचं पाणी आटलंय, कारण डोंगरावरच्या किल्ल्यात कुणीतरी झरा अडवलाय. झऱ्याचं दार ज्या लोहाराने बनवलं, त्याला किल्ल्यात कोंडून ठेवलंय. पहारेकऱ्यांना चुकवायचं, लोहाराला सोडवायचं, पाणी मोकळं करायचं. दोन्ही दुपारी पोरांनी घर डोक्यावर घेतलं. क्रिकेटवाला तर शेवटी सोफ्यावर चढला होता. भैया स्वतः घाम पुसत म्हणाला, "क्या मॉड्यूल है यार!"

त्या संध्याकाळी बसून मी दोन पानं लिहिली. कथा बांधेसूद आहे, नकाशा स्वच्छ आहे, नवख्यालाही चालवता येईल, जरूर घ्यावं. सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि आईला दाखवलं, कारण कौतुक ऐकायचं होतं.

आईने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. "छान लिहिलंयस. पण दुसऱ्या कुणी चालवून बघितलं का?"

"मी चालवलं ना. दोन दुपारी."

"तेच म्हणतेय. तू चालवलंस."

तिचा रोख कुठे होता ते मला लगेच कळलं आणि राग आला. आमच्या मराठी मंडळाची एक रीत होती. गणपतीत दीडेकशे माणसांचं जेवण मंडळातल्या बायका स्वतः रांधत. मंडळात निम्मी कुटुंबं लष्करातली आणि हवाईदलातली, बाकीची बँकांतली. ज्या काकूंची आमटी सगळ्यांना आवडली, त्या पुढच्या गणपतीपर्यंत बदलीने जोरहाटला गेलेल्या असायच्या, आणि आमटी त्यांच्याबरोबर. म्हणून बायकांनी नियम केला होता. पदार्थ सुचवणारीने कृती कागदावर लिहायची. दुसरीने नुसता तो कागद बघून रांधायचं. आणि लिहिणारीने त्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायचं, एक अक्षर न बोलता. याला 'मुकं बसणं' म्हणत. पदार्थ जमला तर कागद मंडळाच्या फाइलीत, नाहीतर परत.

आईच्या मसालेभाताचा कागद असाच परत आला होता. ती जे डोळ्यांनी बघून करायची, ते कागदावर उतरलंच नव्हतं. स्टुलावर बसून ती भाताचा गिचका होताना बघत राहिली. घरी आल्यावर दोन दिवस धुसफुसत होती, आणि आता तीच मला हा उपाय सांगत होती.

"अगं, हा काय मसालेभात आहे? छापील पुस्तक आहे. परदेशातलं," मी म्हणाले.

"मग तर झालंच. ज्याने लिहिलं तो काही कोचिंग क्लासात येऊन बसणार नाही."

मी पुस्तिका तिच्यापुढे सरकवली.

पुढच्या शनिवारी मंडळातल्या तीन काकू आमच्या गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या होत्या. बाहेर लू, म्हणजे तिथला गरम वारा, सुटली तशा सगळ्या खाली आल्या. पन्हं झालं आणि आईने सरळ जाहीर केलं, "आज एक खेळ खेळायचाय. खेळ मी चालवणार आणि ही मुकी बसणार." आईने बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. पुस्तिका तिने आदल्या दिवशी एकदा वाचली होती, आणि खेळाचे नियम मी तिला अर्ध्या तासात सांगितले होते. वीस बाजूंपर्यंतचे आमचे फासे भैयाकडे होते. म्हणून मंडळाच्या तांबोल्यातले एक ते वीस अंक कापडी पिशवीत घातले आणि ज्याला फासा टाकायचा त्याने पिशवीत हात घालायचा असं ठरलं. मला स्टूल मिळालं.

अर्धा तास मी गालात हसत होते. साताऱ्याच्या काकूंचे यजमान सुभेदार होते. त्यांनी पहिल्याच वाक्याला बजावलं, "आधी टेहळणी. उगं कुणी पुढं पळायचं न्हाई." नागपूरच्या काकूंना किल्ल्याचा पहारेकरी भेटला, तर त्यांनी तलवार काढायच्या आधी त्याला विचारलं, "काय रे, घरी कोण कोण असते तुझ्या?" आईने पुस्तिकेत शोधलं. त्याच्या घरच्यांचं काही दिलेलं नव्हतं. पुण्याच्या काकू हवाईदलातल्या. त्यांनी नकाशा स्वतःच्या वहीत इतका नेटका काढला की मला तो मागून घ्यावासा वाटला. पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून तिघींनी त्याच्याच फेट्याने त्याला बांधला आणि त्या नवव्या पानावर, लोखंडी दारापाशी पोहोचल्या. दाराआड लोहार.

"हे दार कोणत्याही शक्तीने किंवा जादूने उघडत नाही. फक्त किल्लीने उघडतं," आईने वाचलं.

"किल्ली कुठाय?" साताऱ्याच्या काकू म्हणाल्या.

आईने पान उलटलं, पुन्हा मागे आली. "किल्ली लोहाराने स्वतःच्या कमरेला लपवलेली आहे."

"आणि लोहार कुठं हाये?"

"दाराच्या आत."

मग तिघी कामाला लागल्या. दार ढकललं, बिजागरीला तेल घातलं, लोहाराला हाका मारल्या, फटीखालून किल्ली सरकव म्हणून सांगितलं. आई प्रत्येक वेळी पुस्तिका बघायची आणि मान हलवायची. फट नाही. आवाज आत जात नाही. नागपूरच्या काकू म्हणाल्या, "असं कसं होऊन राहिलं बाई? ज्यानं लिहिलं त्याला तरी उघडता येते का हे?" पंधरा मिनिटं गेली. एक काकू पापड बघून येते म्हणून उठल्यासुद्धा.

माझ्याने राहवेना. "अहो, त्या पहारेकऱ्याच्या बुटात बघा ना!"

"तू मुकी आहेस," आई म्हणाली.

"पण बुटात आहे किल्ली! पुस्तकात दिलंय!"

"बुटाचं काही दिलेलं नाही."

"दिलंय!" मी स्टुलावरून उठून पुस्तिका ओढून घेतली. नववं पान वाचलं. आठवं वाचलं. पहारेकऱ्याची माहिती वाचली. भाला, शिंग, अर्धी भाकरी. बूट हा शब्दच नव्हता. मी पहिल्या पानापासून सुरू केलं, कारण शपथेवर सांगितलं असतं की मी ते वाचलंय.

"मग तुमच्या पोरांना मिळाली ती किल्ली कुठून आली गं?" पुण्याच्या काकूंनी विचारलं.

तेव्हा मला आठवलं. पहिल्या दुपारी चष्मेवाल्याने पहारेकऱ्याला पाडलं होतं आणि उगाच म्हणाला होता, "इसके जूते उतारकर देखते हैं।" आणि मी, पापणीही न हलवता, म्हणाले होते, "बाएँ जूते में एक चाबी है।" ती मीच घातली होती. दार अडलंय हे माझ्या डोक्याला माझ्याआधी कळलं होतं. माझ्या हाताने ते दुरुस्त केलं आणि मला पत्ताही लागू दिला नाही.

पहिल्यांदा मला लाजच वाटली. दोन पानं भरून मी ज्याची तारीफ केली, ते पुस्तक मी धड वाचलंसुद्धा नव्हतं. काकू गेल्यावर ती दोन पानं मी फाडून टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईवरच डाफरले, की तुझ्यामुळे माझी चूक चव्हाट्यावर आली.

आई पापडाचे डबे भरत होती. ती शांतपणे म्हणाली, "चूक पुस्तकाची आहे. तू तर ती झाकलीस. इतकी बेमालूम की तीन जणांना आणि तुला स्वतःलाही कळलं नाही. हे सगळ्यांना जमतं असं वाटतं का तुला?" मग जरा थांबून म्हणाली, "माझा भात नापास झाला तेव्हा मी गप्प बसले. म्हणायला हवं होतं, की कागदात नाही बायांनो, माझ्या हातात आहे. त्यात खोटं काय होतं?"

माझ्या तोंडावर कौतुक करणारी ही बाई माझी आईच ना, असं मला वाटलं. मी पुस्तिका घेऊन बसले आणि आता पेन्सिलीने एकेक ओळ वाचत गेले. पुस्तकात काय आहे आणि त्या दोन दुपारी मी काय सांगितलं होतं, हे शेजारी शेजारी लिहिलं. तीन दिवस लागले. अकरा जागी माझा हात फिरला होता. गावचा पाटील पुस्तकात नुसता उभा होता, मी त्याला तहानलेली म्हैस दिली होती आणि त्या म्हशीमुळेच पोरं डोंगरावर जायला तयार झाली होती. शेवटी झरा सुटतो तिथे पुस्तकात एकच वाक्य होतं, मी मात्र पाणी कमरेपर्यंत चढवलं होतं. ते वाचताना क्रिकेटवाला सोफ्यावर का चढला होता ते मला आठवलं, आणि मी एकटीच मोठ्याने हसले.

प्रश्न आता भैयाला सांगण्याचा होता. मॉड्यूल वाईट आहे एवढंच सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग दोन दुपारी इतकी मजा कशी आली? आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं, जे मला तोंडावाटे काढता येत नव्हतं. चांगलं म्हणून सोडून दिलं असतं, तर त्या रविवारी दोन टेबलांवर आठ पोरं बंद दारासमोर बसून राहिली असती. फक्त माझं टेबल चाललं असतं. कबूल करते, हा विचार क्षणभर गोडही वाटला होता.

पुढच्या बैठकीत मी वही मांडीवर ठेवून बसले. भैयाने विचारलं, "तो फिर? फ़ाइनल?"

"जैसा छपा है, वैसा नहीं चलेगा।"

"अरे! हमने खेला है। मस्त चला।"

"नौवें पन्ने पर दरवाज़ा नहीं खुलता। चाबी अंदर है।"

"चाबी जूते में थी," चष्मेवाला म्हणाला. "हमने ख़ुद निकाली।"

"जूते में मैंने रखी थी।"

भैयाने पुस्तिका घेतली. नववं पान वाचलं. मग आठवं, मग पुन्हा नववं. त्या शनिवारी मी जे केलं होतं तेच तो करत होता. माझं नेहमीचं "छे, कुठे काय" अगदी ओठांवर आलं होतं. म्हणजे, चुकून घातली हो, नशिबाने जमलं. तेवढं म्हटलं असतं की सगळे हसले असते आणि विषय संपला असता.

"चुकून नाही," मी मनात मराठीत म्हणाले, आणि मोठ्याने हिंदीत, "भैया, किताब कच्ची है। मैंने चलाई थी, इसलिए चली। आप दोनों चलाएँगे तो अटकेगी, क्योंकि जो मैंने जोड़ा वो इसमें लिखा नहीं है।"

असं वाक्य मी उभ्या आयुष्यात घराबाहेर पहिल्यांदा बोलत होते. क्रिकेटवाला माझ्याकडे बघत राहिला. भैयाने पुस्तिका मिटली नाही. त्याने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, बुटाची गोष्ट समासात लिहून घेतली, आणि मान वर न करता विचारलं, "और कहाँ-कहाँ?"

मी वही उघडली आणि पहिल्या पानापासून सांगायला लागले. दीड तास बोलत होते. मध्ये कुणी उठलं नाही. चष्मेवाल्याने म्हशीवर दोन प्रश्न विचारले, आणि एका जागी भैया म्हणाला, "ये तो हमें कभी नहीं सूझता।" यावेळी मी अंग चोरलं नाही. "हाँ," म्हणाले. माझ्या वहीतल्या सहा पानांचे फोटोस्टॅट काढून ते भैयाने आणि चष्मेवाल्याने आपल्याजवळ ठेवले.

त्या रविवारी बारापैकी अकरा पोरं आली, त्यात दोन मुली. भैयाने सुरुवातीलाच उभं राहून माझ्याकडे बोट केलं आणि सांगितलं की कहाणी एका पुस्तकाची आहे, पण ती दुरुस्त यांनी केली आहे. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या टेबलावरच्या मुलीने, दोन वेण्या, हातात नुकतीच टोक केलेली पेन्सिल, विचारलं, "दीदी, इसमें आपका कौन-सा हिस्सा है?"

"जो अच्छा लगे, वो मेरा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि फासे तिच्या हातात दिले.